कुलूपबंद फोन आणि जिवंत मरळ

ऊर्जानगरच्या वसाहतीत मनसाराम नागापुरे यांना नावाने हाक मारणारे थोडेच होते. बाकीचे त्यांना 'नियमवाले भाऊ' म्हणत, आणि तेही पाठीमागे. तोंडावर म्हटलं असतं तर कोणत्या नियमाखाली म्हटलं, हे भाऊंनी विचारलं असतं. वीज केंद्राच्या टाइम ऑफिसात ते लोकांच्या हजेऱ्या बघत. उशिरा आलेल्या माणसाला बायकोचं दुखणं सांगायलाही ते वेळ देत नसत. वरच्या मजल्यावरच्या नीलिमाबाईंनी एकदा सामाईक जिन्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. जिना चढण्यासाठी असतो, हे भाऊंनी त्यांना चार माणसांत समजावून सांगितलं. त्या दिवसापासून नीलिमाबाई त्यांना नमस्कार करत, पण हसून. ते हसणं भाऊंना कधी आवडलं नाही.

अशा माणसाला भाच्याने फोन दिला. बायकोचे, म्हणजे कुंताबाईंचे भाऊ सोमाजी गडचांदूरला सिमेंट कारखान्यात होते. त्यांचा मुलगा विक्की अमेरिकेत नोकरीला लागला होता आणि आतेबहिणीच्या, म्हणजे भाऊंच्या मुलीच्या, आचलच्या साक्षगंधासाठी, साखरपुड्यासाठी, सुट्टी काढून आला होता. आल्या आल्या तो ऊर्जानगरला गेला, दोघांच्या पाया पडला आणि दोन्ही हातांनी फोन पुढे केला.

"फुफाजी, तिकडं मी हाच वापरत होतो. आता नवा घेतला. सिम टाकून पाह्यजा, अन काई अडचण आली तं मले सांगजा."

"अडचण? मले?" भाऊ सोफ्यावर मागे रेलले. "अरे, तुह्या जन्माच्या आधीपासून मी कंप्युटर चालवून राह्यलो."

हे अगदीच खोटं नव्हतं. कंप्युटर टाइम ऑफिसात होता आणि तो चालू करायचं बटण भाऊच दाबत. पुढचं काम धाकटा कारकून करी.

विक्की गेला आणि भाऊंनी सिम टाकलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली: हे सिम इथे चालणार नाही. भाऊंनी सिम काढून बनियनला पुसलं. पुन्हा तेच. कुंताबाईंचं सिम टाकलं, आचलचं टाकलं. पुन्हा तेच. मग त्यांनी फोन थोडा वेळ देवासमोर ठेवला. कुंताबाईंनी विचारलं तेव्हा तो चार्ज होतोय म्हणून सांगितलं. देवघरात विजेचा प्लग नव्हता.

"विक्कीले फोन लावा ना," कुंताबाई म्हणाल्या.

"लावतो ना. सवडीनं लावतो."

लावायला काहीच हरकत नव्हती. पण 'अडचण आली तं सांगजा' या वाक्यावर आपण काय बोललो होतो ते भाऊंना अक्षरशः आठवत होतं. ज्या पोराला आपण गुडघ्यावर खेळवलं त्याला विचारायचं, की बाबा रे, सिम कसं घालतात? त्यापेक्षा फोन बंद असलेला बरा. दिसायला तर तो चालूसारखाच होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तो भाऊंच्या शर्टाच्या खिशात होता, कॅमेऱ्याची बाजू बाहेर. एकदोघांनी बघितलं, पण विचारलं कोणीच नाही. तेव्हा भाऊंनी तो कानाला लावला. "हो, हो, व्याहीबुवा. पाहुणे किती येऊन राह्यले तुमच्याकडून? येऊ द्या ना, येऊ द्या..." अख्खी बस ऐकत होती. इतक्यात भाऊंच्या पँटच्या खिशातला जुना फोन टाळमृदंगासकट वाजायला लागला. भाऊंनी तो मांडीखाली दाबला, तर तो अजून मोठ्याने वाजला. शेवटी काढलाच. मोठ्या अक्षरांत नाव होतं: दसरूजी व्याही.

मागच्या सीटवर नीलिमाबाई होत्या. त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या.

"भाऊ," त्या अगदी मायेने म्हणाल्या, "व्याह्याशी बोलता बोलता व्याह्याचाच फोन आला वाटते."

बस वीज केंद्राच्या फाटकाशी थांबेपर्यंत भाऊ खिडकीबाहेर राखेचा डोंगर बघत बसले. उतरताना नीलिमाबाईंनी त्यांना गाठलं. मिरच्यांचा हिशेब त्यांनी चुकता केला होता, त्यामुळे आता त्या मोकळ्या मनाने मदत करू शकत होत्या. "हा लॉकवाला फोन हाये, भाऊ. ज्या कंपनीकडून घेतला त्यायचंच सिम चालते. माह्या बहिणीच्या दिरानं आणला होता असाच. गोल बाजारात अमर मोबाईलवाला उघडून देते."

संध्याकाळी भाऊ अमरच्या दुकानात होते. अमरने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "होऊन जाईन काका. आज ठेवा, उद्या न्या."

"कायद्यात बसते का हे?"

अमरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "काका, दुकान टाकलं तवापासून हे मले कोणी विचारलंच नाई."

"मी विचारून राह्यलो."

"मंग तुमीच पाहून घ्या," असं म्हणून त्याने फोन परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वसाहतीत ही गोष्ट रात्रीच्या जेवणाआधी पसरली आणि सल्ले यायला लागले. निवृत्त फोरमन म्हणाले, लॉक काढणं म्हणजे फोनचा आतला नंबर बदलणं, आणि नंबर बदलला की तीन साल आत. कॅन्टीनवाला म्हणाला, फोन एकदा उकळत्या वाफेवर धरून पाहा. एकाने तर सांगितलं, की लॉक काढलेला फोन अमेरिकेला आपोआप कळवतो. यातलं खरं किती हे कोणालाच माहीत नव्हतं. पण तीन साल हा आकडा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आता भाऊंची गोष्ट वेगळी होती. ते जन्माने धीवर, वैनगंगेकाठच्या गावचे. त्यांचे वडील मासेमारी सोसायटीत होते. गावचा तलाव सोसायटीने ठेक्याने घेतलेला. पाणी गावाचं, त्यात म्हशी धुवा, कपडे धुवा, कोणी हटकणार नाही. पण मासा सोसायटीचा. न विचारता गरी टाकली तर स्वतःच्या पोरालाही वडील गावापुढे उभं करत. भाऊंनी नोकरीला लागल्यापासून जाळं हातात धरलं नव्हतं, पण ती शिस्त अंगात मुरली होती. त्यांच्या हिशेबाने फोन आपला, कुलूप कंपनीचं. तेव्हा आधी विचारायचं, मग जाळं टाकायचं. कोणाला विचारायचं? कंपनी बसली अमेरिकेत. मग सरकारला विचारू. आणि भाऊ पोलीस ठाण्यात गेले.

इथे थांबून एक सांगायला हवं. कोणी बोलावलेलं नसताना, काही हरवलेलं नसताना, कोणाला मारलेलं नसताना निव्वळ कायदा विचारायला ठाण्यात जाणारा माणूस त्या ठाण्याने पूर्वी पाहिला नसावा. टेबलामागे रोशनी नावाच्या हवालदार बाई बसल्या होत्या.

"काय तक्रार हाये?"

"तक्रार नाई. शंका हाये."

"शंका लिहाची जागा नाई आमच्याकडं. बोला."

भाऊंनी घसा साफ केला. घरून त्यांनी मुद्देसूद बोलणं ठरवून आणलं होतं. ते मुद्द्यावरच आले. "मले एक कुलूप तोडाचं हाये."

रोशनीबाई सरळ बसल्या. "कोणाचं?"

"कंपनीचं."

"वस्तू कुठी हाये?"

भाऊंनी फोन टेबलावर ठेवला. इतका भारी फोन, आत सिम नाही आणि समोर कुलूप तोडायचं म्हणणारा माणूस. बाईंनी फोन स्वतःकडे ओढला. "बिल?"

"बिल नाई."

"डबा?"

"डबा नाई. भेट हाये."

"कोणं देल्ली? कुठून आणली त्यानं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं: माझ्या बायकोचा भाचा अमेरिकेत नोकरी करतो, त्याने स्वतःचा फोन मला प्रेमाने दिला. एवढं म्हणून भाऊ घरी येऊ शकले असते. पण त्यांना आठवले ते निवृत्त फोरमन. तीन साल. मग टाइम ऑफिस, तिथली रिकामी खुर्ची, त्या खुर्चीवर बसलेला धाकटा कारकून. आणि तोंड आपोआप बोलायला लागलं.

"बायकोच्या भावाच्या पोरानं देल्ला, मॅडम. त्यानं कुठून आणला, कसा आणला, मले काई मालूम नाई." आणि एवढ्यावर न थांबता, कोणी विचारलेलं नसताना ते पुढे म्हणाले, "आजकालच्या पोरायचं काई सांगता येत नाई."

हे शेवटचं वाक्य भाऊंना पुढे कितीतरी दिवस अंघोळ करताना, जेवताना, हजेरी बघताना ऐकू येत राहिलं.

रोशनीबाईंनी विक्कीचा नंबर मागितला आणि भाऊंनी तो जुन्या फोनमधून लगेच शोधून दिला. विक्की आला तो बापाला घेऊनच. सोमाजी पाळी सोडून आले होते. कारखान्याचा निळा शर्ट अंगात, भुवयांवर सिमेंटची पूड. त्यांना वाटलं होतं, भाऊजींना अपघात झाला. ठाण्यात शिरल्या शिरल्या त्यांनी भाऊंचे दोन्ही दंड धरले, वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "लागलं तं नाई ना कुठी?"

"त्यायले काई झालं नाई," रोशनीबाई म्हणाल्या. "हे तुमचे नातेवाईक म्हणून राह्यले, पोरानं फोन कुठून आणला त्यायले मालूम नाई. म्हणे, पोरायचं काई सांगता येत नाई."

सोमाजींनी हात सोडले. भाऊंच्या बाह्यांवर सिमेंटचे पंजे उमटले होते.

विक्कीने आपल्या फोनवर खरेदीची मेल काढून दाखवली. त्यावर नाव, तारीख आणि फोनचा आतला नंबर सगळं होतं. आतून साहेब आले. त्यांनी मेल बघितली, फोनचा नंबर ताडून पाहिला आणि सांगितलं, की आतला नंबर बदलणं हा गुन्हा, ते कोणी करू नये. स्वतःच्या फोनचं नेटवर्कचं कुलूप काढून घेणं ही वेगळी गोष्ट, त्यात गुन्हा कसला? ज्याच्या नावावर फोन त्याने कंपनीला सांगितलं की कंपनी स्वतःच काढून देते.

"हो साहेब," विक्की म्हणाला. "मी आत्ता पाठवतो. फुकट होते. एक-दोन दिवसांत खुलते." आणि ठाण्याच्या बाकावर बसून, भाऊंना चहा प्यायला लागला असता त्याहून कमी वेळात, त्याने ते काम करून टाकलं.

बाहेर आल्यावर सोमाजी मोटरसायकलला किक मारता मारता थांबले. ते हळू आवाजाचे. त्या दिवशीही आवाज वाढला नाही. "मनसारामभाऊ, रविवारी साक्षगंधाले आमाले धरू नका. पोरीले पाटावर चोराच्या बापानं काऊन बसवावं?"

आता यातलं मर्म असं, की त्यांच्यात साक्षगंधाला मुलीला घरातून आणून पाटावर बसवायचा मान मामाचा. मामा नसेल तर पाट रिकामा राहतो, आणि रिकाम्या पाटाचं कारण वरपक्षाला सांगावं लागतं. भाऊंनी घरी येऊन सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, आपलं शेवटचं वाक्य सोडून. ते कुंताबाईंना भावाच्या फोनवरून आधीच समजलं होतं. त्या भांडल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि आत गेल्या. आचल तेवढी दारात उभी राहिली.

"बाबा, मामा नाई आला तं मी बाहेर कशी येऊ?"

भाऊंनी भातात वरण कालवलं आणि तसंच ठेवलं.

सकाळी कुंताबाई बोलल्या, पण नवऱ्याकडे न बघता. "तुमच्या गावची रीत तुमाले मालूम हाये. मरळ घेऊन जा."

भाऊंच्या गावात ज्याचं चुकलं त्याने दुखावलेल्याच्या दारी स्वतःच्या हाताने जिवंत मरळ न्यायची. ती दुखावलेल्याच्या पाण्यात पोहायला लागली की रुसवा गेला. मरळ तशी चिवट, ओल्या फडक्यातसुद्धा कितीतरी वेळ जगते. म्हणूनच ती मेलेली पोचली, तर माणूस मनापासून आलाच नाही असं धरतात. भाऊंनी चंद्रपूरच्या मासळी बाजारातून हातभर लांब मरळ निवडली, पाण्याच्या बादलीत घातली आणि गडचांदूरच्या एसटीत चढले.

"पाण्याची बादली नाई चालत गाडीत," कंडक्टर म्हणाला.

"कोणत्या नियमानं?"

कंडक्टरने नियम सांगितला. चांगला सविस्तर सांगितला. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून नियम ऐकला आणि मुकाट्याने बादली स्टँडवर ओतली. मरळ ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली.

राजुऱ्याच्या पुढे सिमेंटच्या ट्रकांची रांग लागली. गाडी हलेना. ऊन पत्र्यातून आत येत होतं. भाऊ आपल्या बाटलीतलं पाणी टॉवेलावर शिंपडत राहिले. स्वतः घोटभरही प्यायले नाहीत. शेवटचं पाणी शिंपडलं तेव्हा मरळीला एकदम हुशारी आली आणि ती टॉवेलातून निसटून सीटखाली गेली. मागून एक बाई "साप! साप!" म्हणून ओरडली. लोकांनी पाय वर घेतले, कोणी खिडकीतून अर्धे बाहेर गेले, कंडक्टर छत्री घेऊन धावला. ऊर्जानगर वीज केंद्राचे टाइम ऑफिसातले नागापुरे एसटीच्या सीटखाली पोटावर सरपटत, "मारू नका, समेटाची हाये!" असं ओरडत होते. मरळ हाती लागली, पण तोवर छत्रीचे दोन तडाखे तिच्या डोक्यात बसले होते.

सोमाजींच्या अंगणात सिमेंटची टाकी होती. सोमाजी, त्यांच्या पत्नी गुणाबाई आणि विक्की तिघे उभे राहून बघत होते. भाऊंनी टॉवेल उलगडून मरळ पाण्यात सोडली. ती बुडाली, वळली आणि पोट वर करून तरंगली.

"निघताना जित्ती होती," भाऊ म्हणाले.

त्याच क्षणी 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. भाऊंनाही ते कळत होतं. पण तोंडाची सवय वाईट. "तसं पाह्यलं तं," त्यांनी सुरुवात केली, "ठाण्यात खरी माहिती देणं हे नियमानं आपलं..."

"या आता," सोमाजी म्हणाले.

विक्की त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी आली तेव्हा तो म्हणाला, "फुफाजी, फोन खुलला. सिम टाकजा." भाऊंना त्याच्याकडे बघवेना. ते घाईने गाडीत चढले. टॉवेलाला वास येत होता म्हणून शेजारी कोणी बसलं नाही.

रविवारी वसाहतीच्या सभागृहात साक्षगंध होतं. वरपक्ष आला. नवरामुलगा निकेश नवा शर्ट घालून अवघडून बसला. त्याचे वडील दसरूजी, पागोटेवाले, मोठ्या आवाजाचे. सोमाजी आले, पण गुणाबाईंच्या हट्टामुळे. ते शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले आणि तिथून उठायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं. पाट मांडलेला. रांगोळी काढलेली. आतल्या खोलीत आचल शालू नेसून तयार, कुंताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. बायका कुजबुजायला लागल्या. नीलिमाबाई तेवढ्या गप्प होत्या.

दसरूजींचं लक्ष भाऊंच्या खिशाकडे गेलं. "ओ व्याहीबुवा, हा अमेरिकेवाला फोन का? मी आयकलं, याले कुलूप असते म्हणते. कसं उघडलं जी?"

सगळ्यांनी माना वळवल्या. भाऊंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आधी मागून विक्की बोलला. "फुफाजीनंच उघडलं. त्यायले सगळं येते, दसरूकाका."

पोराने हे इतक्या सहज म्हटलं, की कोणालाच शंका आली नाही. दसरूजींनी मान डोलावली. भाऊंची लाज राखली गेली होती. भाऊंनी आता नुसतं हसायचं होतं.

त्यांना हसता आलं नाही. ज्या पोराला आपण ठाण्यात उघडं पाडलं, तो चार माणसांत आपल्याला झाकतो आहे, हे त्यांना सहन होईना. ते उठून पाटाजवळ गेले आणि भरल्या सभागृहात उभे राहिले.

"मी नाई उघडलं," ते म्हणाले. "त्यानं उघडलं. मले सिमही टाकता येत नव्हतं. त्याले विचाराची लाज वाटली म्हणून मी साऱ्या वसाहतीले विचारलं, पोलिसायले विचारलं, त्या एकालेच नाई विचारलं. अन पोलिसायनं पुसलं तं मी भेलो. माह्या घरात ज्यानं प्रेमानं वस्तू देल्ली, त्याले मी चोर ठरवलं. सोमाजी, त्यात नियम-बियम काई नव्हता. मी भेलो होतो. चुकलं माहं. विक्की, चुकलं बाप्पा."

व्याह्यांसमोर, जावयासमोर, उशिरा येणाऱ्या सगळ्या हजेरीवाल्यांसमोर भाऊ उभे होते आणि बसायचं कुठे ते त्यांना सुचत नव्हतं. मान खाली गेली ती वर येईना.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. सोमाजी चालत आले, भाऊंच्या शेजारून आतल्या खोलीकडे गेले आणि दारातून म्हणाले, "चाल बाई आचल. मामा आला."

आचलचा हात धरून परत येताना ते भाऊंपाशी क्षणभर थांबले. हळू आवाजात, पण हसत म्हणाले, "भाऊ, आज मरळ जित्ती आणली तुमी."

दसरूजींच्या कानावर तेवढाच शब्द पडला. "मरळ?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. "जेवणात पनीर हाये म्हणले होते ना जी?"

आचल पाटावर बसली. मनसारामभाऊंनी मान न उचलताच खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसले.